मेलकाऊ की हाताने उभारलेला पोस्टफिक्स-डवकॉट?

कंपनीचा मेल स्वतःच्या सर्व्हरवर आणायचं तुमचं ठरलंय, असं धरून चालतो. मेलकाऊ म्हणजे मेल सर्व्हरचा तयार संच. दुसऱ्या वाटेत पोस्टफिक्स (मेल पाठवणारा-घेणारा) आणि डवकॉट (मेल साठवून वाचायला देणारा) आपणच बसवायचे. पीटीआर, एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क (मेल खरंच आपल्याकडून आला हे पटवणाऱ्या डीएनएस नोंदी) दोन्हीकडे लावावंच लागतं, आणि २५ नंबरचं पोर्ट (सर्व्हर एकमेकांना मेल देतात ते) बंद असेल तर दोन्ही वाटा तिथेच संपतात. त्यामुळे ते बाजूला ठेवू.

मी दोन्ही वापरलेत. आधी वर्षभर मेलकाऊ, मग हाताने मांडलेला पोस्टफिक्स-डवकॉट. गंमत म्हणजे मेलकाऊच्या पोटातही हेच दोघे आहेत. फरक एवढाच, की स्वयंपाक आपण करायचा की वाढलेलं ताट घ्यायचं.

ताट चांगलं आहे, यात वाद नाही. एका दुपारी सर्व्हर उभा राहतो. स्पॅम गाळणारा आरस्पॅमडी लावलेला येतो, डीकेआयएमची किल्ली बटण दाबून तयार होते, सोगोमुळे कॅलेंडर मिळतं, लोक आपला पासवर्ड आपणच बदलतात. जुने मेल ओढून आणायला इमॅपसिंक आतच आहे. स्थलांतराच्या वेळी त्याने माझी निदान एका रात्रीची झोप वाचवली. मेमरी ६ जीबी लागते, तर हाताने उभारलेला सर्व्हर व्हायरस तपासणारा क्लॅमएव्ही वगळला की २ जीबीतही भागवतो. पण त्यावरून कोणी निर्णय घेत असेल असं वाटत नाही.

माझं मन फिरलं ते एका प्रश्नावर: ‘तो मेल गेला होता का?’ हा प्रश्न सारखा येतो, आणि कधीच त्याच दिवशी येत नाही. आमच्या विक्री विभागाने एक दरपत्रक पाठवलं होतं. तीन आठवड्यांनी ग्राहक म्हणाला, मिळालंच नाही. पोस्टफिक्सच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, याचं उत्तर एका ओळीत असतं: मेलचा रांगेतला क्रमांक, समोरच्या सर्व्हरचं नाव आणि त्याने दिलेला २५० चा होकार. ती ओळ दाखवली की आपण सुटलो.

शोधायला गेलो तर ओळच नाही. मध्ये मी एकदा अपडेट केला होता. त्यात कंटेनर (मेलकाऊचे भाग ज्यात चालतात ते डॉकरचे डबे) नव्याने बनतात आणि जुन्या कंटेनरबरोबर त्याचा डॉकर लॉगही जातो. वेब पडद्यावर दिसणारा लॉग मूळ मांडणीत शेवटच्या ९,९९९ ओळींचाच. आमच्याकडे त्या दोन-तीन दिवसांत भरायच्या. साहेबांना ‘गेला असावा’ असं सांगावं लागलं, आणि ते ज्या नजरेने बघत होते ती अजून आठवते.

सगळा दोष मेलकाऊचा नाही. डॉकरचा लॉग सिसलॉगकडे, म्हणजे सर्व्हरच्या स्वतःच्या नोंदवहीकडे, वळवता येतो, त्यांच्या माहितीपानांत तसं लिहिलेलंही आहे. मी वाचलं नव्हतं. पण तयार संच घेणारा माणूस फार वाचावं लागू नये म्हणूनच तो घेतो ना?

हाताने मांडलेल्यात लॉग म्हणजे एक साधी फाइल. डेबियन लिनक्समध्ये १२ पासून ती फाइल लिहिणारा आरसिसलॉग आपोआप बसत नाही, तेवढा घालून घ्या, आणि जुने लॉग पुसणाऱ्या लॉगरोटेटमधला चार आठवड्यांचा आकडा वाढवा. मी ५२ केलाय.

त्याची किंमतही मोजलीय. उभारायला तीन आठवड्यांच्या संध्याकाळी गेल्या. कॅलेंडर नाही, त्यावरून अजून कुरकुर चालते. नवीन खातं उघडायला प्रत्येकाला माझ्याकडेच यावं लागतं. शिवाय डवकॉट २.४ ला २.३ ची कॉन्फिग फाइल चालत नाही. डेबियन १३ वर जाताना ती नव्याने लिहिण्यात एक अख्खा रविवार गेला. मेलकाऊमध्ये हे दुसऱ्या कोणीतरी आधीच निस्तरलेलं असतं.

तेव्हा सर्व्हर बघायला कायमचा माणूस नसेल, किंवा कॅलेंडरशिवाय लोक ऐकणारच नसतील, तर मेलकाऊ घ्या. फक्त पहिला मेल जाण्याआधी लॉग वळवून ठेवा. कमांड लाइनला न बिचकणारं कोणी असेल, आणि ‘गेला होता का’चं उत्तर त्यालाच द्यावं लागणार असेल, तर मला वाटतं त्या तीन आठवड्यांच्या संध्याकाळी द्याव्यात.

परवाच लेखा विभागाने पाच महिन्यांपूर्वीच्या एका बिलाबद्दल विचारलं. लॉगवर ग्रेप (शोधायची कमांड) मारला, ओळ लगेच सापडली. मेल गेलाच नव्हता. पत्त्यात एक अक्षर चुकलं होतं, समोरच्या सर्व्हरने ५५० देऊन नाकारला होता, आणि परत आलेली सूचना कोणी उघडलीच नव्हती.