ऑइल कूलर गळतोय: नुसते सील बदलायचे की अख्खा कूलर?

ऑइल कूलर म्हणजे इंजिन ऑइल थंड ठेवणारा भाग. आधी कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या) टाकीचं झाकण उघडा, पण इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच. आत तपकिरी, लोण्यासारखा चिकट थर दिसला तर बहुधा कूलर आतून फुटलाय; हेड गॅस्केट (इंजिनच्या वरच्या भागाचं सील) गेल्यानेही असं होतं, तेही तपासून घ्या. चालू इंजिनात ऑइलचा दाब कूलंटपेक्षा जास्त असतो, म्हणून ऑइल पाण्यात शिरतं. इथे सील बदलणं म्हणजे पैसे वाया. कूलर नवाच घ्या आणि कूलंटची लाईन स्वच्छ होईपर्यंत धुवा. तेलाने फुगलेले रबरी पाइपही बदला.

टाकी स्वच्छ आहे आणि ऑइल फक्त फिल्टरच्या वरच्या जोडापाशी पाझरतंय? मग सील पुरेत. उष्णतेने ते कडक आणि चपटे होतात. जुने सील प्लास्टिकच्या पट्टीनेच काढा, स्क्रूड्रायव्हरचा एक ओरखडा पुरतो पुन्हा गळायला. नव्याला ऑइलचं बोट लावा, सिलिकॉन नको. बोल्ट तिरपे-समोरासमोर, मॅन्युअलमधल्या टॉर्कनेच (ठरलेल्या जोरानेच) आवळा.

कूलर बाहेर, बंपरमागे असेल तर गोव्यात किनाऱ्यालगतच्या गाडीत खाऱ्या वाऱ्याने ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते. तशा कूलरला नवे सील लावू नका.

दोन्हीकडे शेवटी ऑइल आणि कूलंट भरून दहा मिनिटं इंजिन चालवून जोड तपासा, थंड झाल्यावर दोन्ही पातळ्या बघून कमी असेल तेवढं भरा.