मोटरहोमच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससाठी ब्लूटूथ स्कॅनर: कुठवर कामाचा?

नागपूरहून पेंचकडे निघालेलं मोटरहोम एकाच गिअरवर अडकलं, पिकअप गेला, डॅशवर दिवा लागला, तर समजा गिअरबॉक्स लिम्प मोडमध्ये, म्हणजे नुकसान टाळायला मर्यादित ताकदीवर, गेलाय. अशा वेळी ईएलएम३२७ प्रकारचा स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर, म्हणजे डोंगल, जवळ असावाच. गाडीचे दोष वाचायच्या ओबीडी सॉकेटमध्ये लावला की मोबाइलवर दोषाचा कोड दिसतो. पण तेवढ्यावरून सोलेनॉइड (गिअरबॉक्समधला विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) मागवू नका.

पी०७०० या कोडचा अर्थ इतकाच, की गिअरबॉक्सच्या कंट्रोलरने, म्हणजे टीसीएमने, आपल्याकडे दोष नोंदवलाय. नेमका दोष वाचायला टीसीएमपर्यंत पोचणारं अ‍ॅप किंवा त्या मेकचा स्कॅनर लागतो. स्वस्त डोंगल बहुतेकदा इंजिनापाशीच थांबतात. यू०१०१ म्हणजे टीसीएमशी संपर्क तुटला. पी०५६२ म्हणजे व्होल्टेज कमी, आणि मोटरहोममध्ये पहिला संशय यावरच घ्यावा. बॉडी बांधताना इन्व्हर्टर, फ्रिज, दुसरी बॅटरी जोडतात आणि त्यांचं अर्थिंग चेसिसच्या एकाच बोल्टवर, कित्येकदा रंगावरच, आवळून देतात. लोड आला की गिअरबॉक्सचं अर्थिंग ढिलं पडतं.

हे स्कॅनर सांगत नाही. तो दाखवतो ते व्होल्टेज ओबीडी सॉकेटवरचं, टीसीएमवरचं नव्हे. म्हणून सोबत साधा मल्टीमीटर हवाच. १२ व्होल्टच्या गाडीत रात्रभर उभी असताना बॅटरी १२.६ च्या आसपास आणि इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ असावी. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली गेली तर आधी बॅटरी तपासा. नागपूरच्या मे महिन्यातली उष्णता बॅटरीचं आयुष्य खाते. मग इंजिन, हेडलाइट आणि एसी चालू ठेवून मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी गिअरबॉक्सच्या केसिंगवर धरा. ०.१ व्होल्टहून जास्त दिसलं तर अर्थिंगच्या तारेचा लग (टोकाची कडी) काढा, रंग-गंज घासून चकचकीत धातूवर घट्ट बसवा. हे काम नागपूरच्या वाडी भागातला कोणताही जाणता ऑटो इलेक्ट्रिशियन सहज करेल, फक्त मोजून दाखवायला सांगा.

यू०१०१ साठी बॅटरीची निगेटिव्ह काढून ओबीडीच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये रेझिस्टन्स मोजा. ६० ओहमच्या आसपास ठीक. १२० आला तर कॅन लाइनचं (कंट्रोलर एकमेकांशी बोलतात त्या तारांच्या जोडीचं) एक टोक तुटलंय, शून्याजवळ आला तर तारा एकमेकींना चिकटल्यात. उंदरांनी कुरतडलेली वायर इथेच पकडली जाते.

गिअरबॉक्सचा मोठा कनेक्टर उघडून आत एटीएफ (गिअरबॉक्सचं तेल) झिरपलंय का तेही बघा. तेल तारेच्या आतून वर चढून थेट टीसीएमपर्यंत पोचतं. नुसता कनेक्टर पुसून भागत नाही, गळणारं सील बदलावं लागतं.

२४ व्होल्टच्या ट्रक किंवा बस चेसिसवरच्या, ९ पिनांचं गोल सॉकेट असलेल्या गाड्यांना हा डोंगल घेऊ नका, त्यांना जे१९३९ (जड वाहनांमधली संदेशपद्धत) वाचणारा स्कॅनर हवा. बाकी गाड्यांसाठी घ्याच, पण काम झालं की काढून ठेवा. लावून ठेवला तर उभ्या गाडीची बॅटरी उतरत राहते.