पिनोकिओचे चित्रपट: कुठला, कुणाला आणि कसा दाखवावा

सुटी लागली की गोव्यातल्या वाचनालयांच्या बालविभागात, शाळेच्या सभागृहात किंवा देवळाच्या मंडपात मुलांना एखादा सिनेमा दाखवायचं ठरतं आणि पिनोकिओचं नाव हमखास निघतं. लाकडाचा बाहुला आणि खोटं बोललं की लांबणारं नाक, एवढी गोष्ट सगळ्यांना ऐकून माहीत असते. घोळ होतो तो पुढे. या गोष्टीवर शंभराहून अधिक वर्षं चित्रपट निघत आले आहेत, एकट्या २०२२ सालात तीन आले. नाव तेच, पोस्टरवर बाहुलाही तोच, पण आतला माल पूर्ण वेगळा. नीट न बघता लावला तर पाच वर्षांची पोरं सुरुवातीलाच बॉम्ब पडून मेलेला मुलगा पाहतात आणि आया त्यांना कडेवर घेऊन बाहेर पडतात.

निवड करायची तर मूळ पुस्तक काय आहे ते आधी माहीत हवं. फ्लॉरेन्सच्या कार्लो कोलोदीने ही गोष्ट १८८१ साली मुलांच्या साप्ताहिकात क्रमशः लिहायला घेतली. पंधराव्या प्रकरणात कोल्हा आणि मांजर पिनोकिओला झाडाला फाशी देतात आणि तिथेच त्याने गोष्ट संपवली होती. वाचणारी मुलं ऐकेनात, म्हणून ती पुन्हा सुरू झाली आणि १८८३ साली ३६ प्रकरणांचं पुस्तक झालं. ज्या ओंडक्यातून बाहुला निघतो तो काही किमती लाकूड नव्हे, चुलीत घालायचं जळाऊ लाकूड. उपदेश करणाऱ्या रातकिड्याला पिनोकिओ चौथ्या प्रकरणातच हातोडा फेकून मारतो. नाक पहिल्यांदा लांबतं ते खोटं बोलल्यामुळे नाही, बाहुल्याला घडवणारा त्याचा बाप जेपेट्टो ते कोरत असतानाच ते वाढत सुटतं. शेवटी गिळणारा मासा देवमासा नाही, अजस्र मुशी आहे, शेपूट सोडून एक किलोमीटरहून लांब. पणजी-रायबंदर बांधाचा जवळजवळ तिसरा हिस्सा, म्हणजे कल्पना येईल. त्या माशाला दमा आहे, म्हणून तो तोंड उघडं टाकून झोपतो आणि बापलेक त्या उघड्या तोंडातून बाहेर पडतात.

रातकिडा, नाक आणि मासा, या तीन जागी दिग्दर्शक काय करतो ते पाहिलं की अख्खा चित्रपट कळतो. आणि चौथी गोष्ट: लाकूड लाकडासारखं वाटतं का? पत्रादेवीचा नाका ओलांडून कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर कलावंतांच्या कळसूत्री बाहुल्यांचा खेळ ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको. लाकडी मान वळते ती झटक्याने वळते, आणि त्या झटक्यातच तिचा जीव असतो. ती माणसासारखी गुळगुळीत वळली की खेळ संपला.

डिस्नेचा १९४०चा चित्रपट ८८ मिनिटांचा आहे आणि सहा-सात वर्षांच्या पुढच्या मुलांसाठी आजही पहिली निवड तोच. गंमत म्हणजे यातला पिनोकिओ सगळ्यांत कमी लाकडी आहे. सुरुवातीला चित्रकारांनी खराखुरा ताठ बाहुला काढला होता. तो कुणालाच आपलासा वाटेना, म्हणून काम थांबवावं लागलं. मग मिल्ट काल याने आधी साधा मुलगा काढला आणि नंतर त्याला कोपर-गुडघ्यांचे लाकडी सांधे लावले. तोच चेहरा पुढे जगभर गेला. पुस्तकात हातोड्याने मरणारा रातकिडा इथे बाहुल्याचा विवेक बनून शेवटपर्यंत बरोबर राहतो आणि गोष्ट त्याच्याच तोंडून सांगितली जाते. या बदलामुळे पुस्तकाचा तिखटपणा गेला, हे खरं. पण लहान मुलांना अंधारात हात धरणारं कुणीतरी मिळालं, आणि ते लागतं, कारण हा चित्रपट मऊ अजिबात नाही.

त्यातला मौजेच्या बेटाचा भाग आधी स्वतः पाहून ठेवा. मुलं सिगार ओढतात, बिअर पितात, बिलियर्ड खेळतात. मग लॅम्पविक नावाच्या पोराचं गाढव होतं. हात झाकलेल्या मुठीसारखे होत खुरांत बदलतात, भिंतीवर सावली चार पायांवर उतरते आणि तो आईला हाक मारता मारता ओरडण्याऐवजी रेकायला लागतो. रक्ताचा थेंब नाही, तरीही लहान मुलं सर्वांत जास्त घाबरतात ती इथेच. गाढव झालेल्या त्या मुलांना शेवटपर्यंत कुणीही सोडवत नाही. चित्रपट संपल्यावर ‘त्यांचं काय झालं?’ हा प्रश्न येणारच, त्याचं उत्तर तयार ठेवावं. ‘सोडवलं असेल’ असं खोटं सांगू नये. या गोष्टीच्या बाबतीत तर नाहीच.

दाखवताना होणारी नेहमीची चूक म्हणजे चित्र ताणणं. १९४०चा पडदा जवळजवळ चौकोनी, १.३७ला १ या प्रमाणाचा. आजच्या रुंद पडद्यावर डाव्या-उजव्या बाजूला काळे पट्टे राहतात आणि कुणीतरी उठून रिमोटने ‘फुल’ करतं. मग पिनोकिओ बुटका दिसतो आणि गोल गोष्टी लंबगोल. पट्टे तसेच राहू द्या. गावाच्या छपरांवरून खाली उतरत जाणारं सकाळचं दृश्य मल्टिप्लेन कॅमेऱ्याने घेतलेलं आहे. काचेच्या वेगवेगळ्या थरांवर चित्रं ठेवून ते थर एकमेकांपासून अंतरावर सरकवायचे, म्हणजे जवळची घरं लवकर सरकतात आणि लांबची हळू. ताणलेल्या चित्रात ही खोली मारली जाते.

मधल्या काळातले काही झटपट सांगण्यासारखे. १९११ साली इटलीतच जुलिओ अंतामोरोने मूकपट काढला, तो अभ्यासकांसाठी. रशियात अलेक्सेई टॉल्स्टॉयने १९३६ साली हीच गोष्ट घेऊन ‘बुरातिनो’ नावाचा स्वतंत्र बाहुला उभा केला. त्यावरचा १९७५चा दोन भागांचा संगीतपट गाण्यांसाठी ऐकण्यासारखा आहे, पण त्यातला बाहुला पिनोकिओसारखा शेवटी खराखुरा मुलगा होत नाही, तेव्हा पिनोकिओ म्हणून तो दाखवू नये. १९९६चा मार्टिन लँडाऊ असलेला चित्रपट यंत्राच्या बाहुल्यासाठी एकदा बघायला हरकत नाही. २००२ साली रॉबेर्तो बेनिन्यीने पन्नाशीला टेकलेला असताना स्वतःच पिनोकिओचं काम केलं. अंगभर कळकळ आहे, पण मोठ्या माणसाने हट्ट केला की तो पोराचा हट्ट वाटत नाही. इंग्रजी डबिंगने तर त्याची पार वाट लावली.

लुईजी कोमेंचीनीची १९७२ची दूरदर्शन मालिका मात्र मिळाली तर सोडू नका. इथे परी सुरुवातीलाच बाहुल्याचा मुलगा करून टाकते आणि तो वाह्यातपणा करू लागला की पुन्हा लाकूड. त्यामुळे आंद्रेआ बालेस्त्री हा खराखुरा खोडकर पोरगा बहुतेक वेळ पडद्यावर राहतो. गरिबी इतकी जवळून कुठल्याच दुसऱ्या रूपात दिसत नाही. जेपेट्टोच्या घरात चुलीवर खरंच काही नसतं. नीनो मानफ्रेदीने केलेला हा बाप सगळ्या जेपेट्टोंमध्ये माझ्या मते सरस. अडचण लांबीची आहे. एका बैठकीत ती संपणारी नाही, रोज एक भाग असा आठवडा घालवावा लागतो. छोटी केलेली आवृत्ती घेतली तर गरिबीचे हेच संथ प्रसंग कापलेले असण्याची शक्यता, म्हणून कालावधी तपासून घ्या.

पुस्तकाशी सर्वांत प्रामाणिक चित्रपट हवा असेल तर मात्तेओ गार्रोनेचा २०१९चा घ्यावा. १२५ मिनिटं. बेनिन्यी इथे जेपेट्टो आहे आणि आता वय, चेहरा, सगळं जुळतं. पिनोकिओ झालेल्या फेदेरिको इएलापीच्या चेहऱ्यावर संगणकाने लाकूड चढवलेलं नाही. मार्क कूलियरच्या चमूने रोज काही तास बसवून तो मुखवटा लावला. गालावर लाकडाच्या रेषा आहेत आणि त्या रेषांसकट तो हसतो. ऊन पडलं की त्या गालावर खरं ऊन पडतं. वेशभूषा आणि रंगभूषा या दोन्हींसाठी ऑस्करचं नामांकन मिळालं ते यासाठीच. नाक लांबल्यावर सुतारपक्षी येऊन ते टोचून लहान करतात, हा पुस्तकातला प्रसंग इथे आहे. गोरिला न्यायाधीश आहे, जो निर्दोष माणसाला तुरुंगात टाकतो. सोन्याची नाणी पेरली की नाण्यांचं झाड उगवतं, ही कोल्हा-मांजराची थाप आहे. आपल्याकडे पैसे दुप्पट करून देणाऱ्या योजनांत लोक आजही फसतात, त्यामुळे हा प्रसंग मोठ्या मुलांशी बोलायला फार चांगला. माशाच्या पोटात माणसाच्या चेहऱ्याचा टूना मासा भेटतो, तोही पुस्तकातलाच.

वय दहाच्या पुढे. झाडाला लटकवण्याचा प्रसंग आहे, गाढव समुद्रात बुडवण्याचाही. आणि गती संथ आहे, हे आधीच सांगायला हवं. इटालियन आवाज ठेवून खाली इंग्रजी अक्षरं लावली तर दहा-अकरा वर्षांची मुलंही वाचता वाचता मागे पडतात आणि चुळबुळ सुरू होते. यावर उपाय सोपा आहे: मराठी किंवा कोंकणीत बोलून सांगणारं एक माणूस माइकसह पडद्याच्या बाजूला बसवावं. प्रत्येक वाक्याचं भाषांतर करू नये, नुसता दुवा द्यावा. न्यायाधीशाच्या प्रसंगाआधी एकदा थांबून पाण्याची सुटी दिली की पुढचा भाग नीट पाहिला जातो.

डिस्नेचा २०२२चा, रॉबर्ट झेमेकिसचा, टॉम हँक्स असलेला चित्रपट टाळावा. जुन्याच प्रसंगांवर नवा रंग मारलाय. बाहुला संगणकातला आहे आणि त्याला वजन नाही. तो टेबलावर उभा राहतो तेव्हा टेबलाला ते कळत नाही. मौजेच्या बेटावर बिअरऐवजी रूट बिअर नावाचं बिनदारूचं पेय आलं. मोहच एवढा फिका केल्यावर गाढव होण्याची शिक्षा कशाची, हे मुलांना कळत नाही.

त्याच वर्षीचा गिलेर्मो देल तोरो आणि मार्क गुस्ताफसन यांचा ११७ मिनिटांचा चित्रपट मात्र या गोष्टीवरचं सर्वांत मोठं काम आहे, असं ठामपणे म्हणता येतं. २०२३ साली सर्वोत्तम अ‍ॅनिमेशनपटाचं ऑस्कर त्याला मिळालं. काळ मुसोलिनीच्या इटलीचा. जेपेट्टोचा मुलगा बॉम्बमध्ये गेलेला आहे, आणि दुःखात दारू पिऊन, वादळी रात्री, तो पाइनच्या खोडातून बाहुला तोडून काढतो. म्हणून हा पिनोकिओ अर्धवट आहे. एकच कान कोरलेला, पाठीत खिळे, अंगावर कपडा नाही. मौजेच्या बेटाच्या जागी मुलांना सैनिक करणारी छावणी आहे. आज्ञाधारक झाला की मुलगा होशील, असं सांगणाऱ्या सगळ्या आवृत्त्यांना हा चित्रपट उलट प्रश्न विचारतो: आज्ञा देणाराच चुकीचा असेल तर? नाकाचा उपयोगही तसाच उलटा. माशाच्या पोटातून सुटायला पिनोकिओ मुद्दाम खोटं बोलत जातो, नाकाची फांदी वाढत वाढत वरच्या भोकापर्यंत पोचते आणि सगळे तिच्यावरून चढून बाहेर पडतात.

ही स्टॉप-मोशन आहे. खऱ्या बाहुल्या, तळव्यातून स्क्रूने जमिनीला पक्क्या केलेल्या, एक फोटो, किंचित हालचाल, पुन्हा फोटो. सेकंदाला २४ फ्रेम, एक स्थिती दोन फ्रेम धरली तरी सेकंदाला बारा वेळा हात लावायचा. जेपेट्टोच्या डोक्यात बारीक दातेरी चाकं आहेत, ती फिरवून भुवई किंवा ओठ हलवतात. पिनोकिओचं मात्र तसं नाही. त्याचे थ्रीडी प्रिंटरवर छापलेले कडक चेहरे एकामागून एक बदलले जातात. माणसांची त्वचा मऊ हलते आणि लाकूड टप्प्याटप्प्याने बदलतं. हा फरक डोळ्याला नकळत कळतो.

आणि हाच फरक टीव्ही मारून टाकतो. नव्या एलईडी टीव्हीत दोन फ्रेमच्या मध्ये स्वतःहून खोट्या फ्रेम भरण्याची सोय चालूच येते. सॅमसंगमध्ये ती ऑटो मोशन प्लस, एलजीत ट्रूमोशन, सोनीत मोशनफ्लो या नावाने सेटिंगच्या पिक्चर विभागात सापडते. ती बंद करा, किंवा सरळ ‘सिनेमा’ अथवा ‘फिल्ममेकर मोड’ लावून ती बंद झाली आहे ना ते बघा. नाहीतर बाहुला लोण्यातून चालल्यासारखा दिसतो.

प्रोजेक्टरवर लावणार असाल तर पावसाळ्यात पत्र्याच्या छपराखाली ठेवू नका. संवाद हळू आवाजात आहेत, सरीत एक अक्षर ऐकू येत नाही. वीज गेली तर दिव्याचा प्रोजेक्टर लगेच चालू करू नये, दिवा थंड व्हायला पाच-दहा मिनिटं द्यावी. प्रोजेक्टरपुरता इन्व्हर्टर असला तर उत्तम. चित्रपट आधी उतरवून ठेवता येत असेल तर ठेवावा, गावात रात्री नेट कधी बसेल सांगता येत नाही. आणि ओटीटीचं घरगुती सदस्यत्व घरापुरतंच असतं, सार्वजनिक खेळासाठी हक्क असणाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. कार्यक्रमाची पत्रकं छापण्याआधी ते काम उरका.

देल तोरोचा चित्रपट बारा वर्षांच्या पुढे, आणि शक्यतो आईबाप शेजारी बसलेले असताना दाखवावा, कारण शेवटी पिनोकिओच्या जवळची माणसं एकेक करून जातात आणि तो मागे उरतो. सभागृहात त्या वेळी कुणी बोलत नाही. श्रेयनामावली दिसली म्हणून लगेच दिवे लावू नका. या चित्रपटातला रातकिडा पहिल्यापासून आपलं गाणं म्हणायला घेतो आणि दर वेळी कुणीतरी त्याला मध्येच तोडतं. ते गाणं त्याला पुरं म्हणायला मिळतं ते तिथे, नावं वर सरकत असताना.