क्रूगरच्या कॅम्पांत दोघी जावा: एका मोटार-क्लेमवालीचा अभिप्राय

आधी निकाल सांगते, मग कारणं. दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर नॅशनल पार्कच्या सरकारी कॅम्पांना पाचपैकी साडेचार. ज्या कंपनीची गाडी भाड्याने घेतली तिला दीड, आणि तोसुद्धा गाडीचं इंजिन चांगलं होतं म्हणून.

मी सांगलीची. नोकरीचा बराच काळ मोटार विम्याच्या क्लेमच्या टेबलावर गेला, त्यामुळे सहलीला जातानाही डोकं सर्व्हेयरचंच चालतं. बरोबर थोरल्या जाऊबाई, आमच्या अक्का. वय सत्तरीपार, गुडघे कुरकुरतात, हौस मात्र विशीतली. त्यांचा मुलगा जोहान्सबर्गला सँडटनमध्ये नोकरीला आहे. त्याला रजा मिळेना. "काकू, तुम्ही दोघीच जाणार? एखादी टूर घ्या की," तो म्हणत राहिला. अक्का म्हणाल्या, "तू ऑफिसला जा. ती घाटातनं एसटीला ओव्हरटेक करते, तिला काय शिकवतोस?"

घरून निघताना शेजारपाजाऱ्यांनी यथासांग घाबरवलं होतं. तिकडं गाडीतून ओढून काढतात, अंगठी दिसली की बोट कापतात, वगैरे. क्लेमच्या टेबलावर एक सवय लागते. समोरचा कितीही रडवेला झाला तरी आपण तीन गोष्टी विचारायच्या: कुठे, किती वाजता, आणि गाडी चालू होती की उभी. दक्षिण आफ्रिकेच्या भीतीलाही मी हेच विचारलं. बऱ्याच ठिकाणी उत्तर आलं: शहरात, अंधार पडल्यावर, सिग्नलला किंवा पार्किंगमध्ये उभी असताना. म्हणजे अख्खा देश टाळायचं कारण नाही. वेळापत्रक मात्र सूर्याच्या हिशेबाने लावायला हवं.

जोहान्सबर्गमध्ये भीती खोटी नाही, हेही सांगते. पुतण्याच्या सोसायटीच्या भिंतीवर विजेच्या तारा, फाटकावर सशस्त्र गस्तीच्या कंपनीची पाटी, आणि हे तिथल्या मध्यमवर्गाला नळाच्या मीटरइतकं नेहमीचं. सीटवर पर्स दिसली की काच फोडून नेतात, म्हणून सगळं डिकीत, आणि डिकी भरायची ती निघतानाच, पोचल्यावर चारचौघांत नाही. मॉलच्या पार्किंगमध्ये रिमोटचा सिग्नल अडवणारे चोर असतात. आपण बटण दाबून निघून जातो आणि गाडी उघडीच राहते. त्यामुळे बटण दाबल्यावर दरवाजाचं हँडल ओढून बघायचं. अक्का चारही दरवाजे ओढून बघायच्या, मग डिकी, मग परत एकदा पहिला दरवाजा.

विमानतळावरून सँडटनला मात्र टॅक्सी नको, गाउट्रेन घ्या. 2010 च्या फुटबॉल वर्ल्ड कपच्या तोंडावर सुरू झालेली ही जलद रेल्वे पंधरा मिनिटांच्या आसपास पोचवते, जागोजाग रक्षक असतात, आणि आत खाणं-पिणं तर सोडाच, च्युइंगमसुद्धा चालत नाही. अक्कांनी पिशवीतले भडंग काढले होते, ते मी निमूट परत ठेवायला लावले.

आता रस्ता. क्रूगरला जायचा नकाशा मोबाईलवर टाकला की तो जवळचा म्हणून नुंबी गेटचा रस्ता सुचवू शकतो. त्याच रस्त्यावर ऑक्टोबर 2022 मध्ये एका जर्मन पर्यटकाला लुटारूंनी गोळी घातली. त्यानंतर तिथे गस्त वाढवली, पण दुसरी गेट्स असताना मी कशाला तिथून जाऊ? आम्ही एन-4 महामार्ग धरून मालेलेन गेटने गेलो. चारशेहून जास्त किलोमीटर, टोल भरपूर, रस्ता गुळगुळीत, आणि गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने. सुरुवातीला कोळशाचे अवजड ट्रक आणि थंडीतलं धुकं, म्हणून उजाडल्यावरच निघायचं. मोठ्या पंपांवर स्वच्छतागृह, दुकान, माणसांची वर्दळ असते. थांबायचं ते तिथेच, रस्त्याकडेला झाडाखाली डबा उघडून नाही. पेट्रोल भरणारा मुलगा काचही पुसून देतो, त्याला पाचेक रँड द्यायची रीत आहे. एक रँड म्हणजे साधारण पाच रुपये. मालेलेनजवळ दोन्ही बाजूंना ऊस लागला तेव्हा अक्का म्हणाल्या, "अगं, हे तर आपलं वाळवा." मग मगरींची क्रोकोडाइल नदी, तिच्यावरचा पूल आणि पलीकडे पार्क.

गाडीच्या कंपनीबद्दल थोडक्यात, नाहीतर रक्तदाब वाढेल. काउंटरवर "फुल कव्हर" म्हणून सांगितलं. कागद वाचला तर टायर, काच आणि गाडीचा तळ, तिन्ही वगळलेले. जंगलात कच्च्या रस्त्यावर फुटणार काय, तर टायर आणि काच! ते कव्हर मी वेगळे पैसे भरून घेतलं. स्टेपनीत हवा नव्हती, ती भरून घेतली. पुढच्या काचेवर तांदळाएवढा टवका होता, त्याचा फोटो तारीख-वेळेसकट काढून ठेवला. गाडी परत करताना त्याच टवक्याचे पैसे लावले. फोटो पाठवले, मेलवर मेल केल्या, तेव्हा कुठे परत मिळाले. क्रेडिट कार्डावर अनामत म्हणून बरीच रक्कम अडकवून ठेवतात, कार्डाची मर्यादा आधी तपासा.

कॅम्पांची गोष्ट मात्र वेगळीच. क्रूगर सुमारे 19,500 चौरस किलोमीटर पसरलंय, आणि आत सॅनपार्क्सचे, म्हणजे तिथल्या राष्ट्रीय उद्यानांच्या सरकारी संस्थेचे, कुंपणबंद कॅम्प आहेत. आम्ही लोअर साबी आणि साताराला राहिलो. (हो, सातारा. नाव बघूनच अक्कांनी हट्ट धरला.) गोल, गवताने शाकारलेल्या खोल्या, आत स्वच्छ पलंग, न्हाणीघर, आणि ओट्यावर फ्रिज. त्या फ्रिजला जाळीचा दरवाजा आणि कडी असते. ती माणसांसाठी नाही, माकडांसाठी. लोअर साबीत एका वानराने टेबलावरची भडंगाची पिशवी उचलली, छपरावर बसून फोडली, शेंगदाणे तेवढे वेचून खाल्ले आणि लसणीची तळलेली पाकळी हुंगून खाली टाकली. अक्का त्याला कोल्हापुरी शिव्या देत होत्या, आणि शेजारच्या खोलीतले गोरे आजोबा शब्दही न कळता हसत होते.

या कॅम्पांना साडेचार गुण देण्याचं कारण त्यांचा कडकपणा. जून-जुलैत फाटक सकाळी सहाला उघडतं, संध्याकाळी साडेपाचला बंद. उशीर झाला तर दंड. डांबरी रस्त्यावर ताशी 50, कच्च्यावर 40, त्याहून जास्त नाही, आणि खाली उतरायचं ते ठरलेल्या जागीच. शहरात सूर्यास्ताची शिस्त आपली आपण पाळावी लागते, इथे फाटकच ती पाळायला लावतं. कुंपणाच्या आत आल्यावर रात्री अक्का एकट्या चालत सार्वजनिक स्वयंपाकघरात कढी गरम करायला जायच्या, मी मागे वळूनही बघत नव्हते.

धोका आहे तो जनावरांचा आणि आपल्या घाईचा. स्कुकुझा कॅम्प ते लोअर साबी रस्त्यावर वळणाआड हत्तिणींचा कळप आडवा आला. पुढच्या गाडीवाल्याने हळूहळू मागे घेतली, आम्हीही घेतली. एक पिल्लू रस्त्याच्या मधोमध सोंडेशी खेळत बसलेलं, आणि त्याची आई कान फडफडवत आमच्याकडे बघत होती. हॉर्न कुणीच वाजवला नाही. आपल्याकडे वाजवला असता. पाचला कॅम्पात पोचायची घाई असेल तर असा अर्धा तास कुठून आणणार? म्हणून परतीच्या वाटेला तासभर जास्त धरा. लोअर साबीजवळच्या सनसेट डॅमला गाडीतूनच पाणघोडे आणि मगरी दिसतात, त्यासाठी लांब जावं लागत नाही.

हिवाळा निवडला कारण गवत वाळलेलं असतं, जनावरं पाण्यावर येतात, आणि मलेरियाचा धोका कमी असतो. कमी म्हणजे शून्य नाही. संध्याकाळी पूर्ण बाह्यांचे कपडे, मलम, आणि गोळ्यांचं डॉक्टरांना विचारून. पहाटेची थंडी मात्र बोचरी, स्वेटर आणि कानटोपी हवीच.

शाकाहाऱ्यांनी स्वयंपाकाची तयारी ठेवावी. तिकडचं सामाजिक जीवन निखाऱ्यांभोवती आणि मांसाभोवती फिरतं. प्रत्येक खोलीपुढे शेगडी असते. आम्ही तिच्यावर कणसं आणि लाल भोपळा भाजला, खिचडी इलेक्ट्रिक कुकरमध्ये. आणि एक गोष्ट जी मला कुणी सांगितली नव्हती: आपला गीझरचा जाड तीन पिनांचा प्लग तिथल्या भिंतीत सहज बसतो. मोबाईलचा बारीक प्लग बसत नाही. घरून जाड प्लगचा एक्स्टेन्शन बोर्ड नेला की अडॅप्टर विकत घ्यायची गरज नाही.

अर्धा गुण कापला तो परदेशी पाहुण्यांच्या प्रवेश फीसाठी. माणशी, दर दिवशी पाचशे रँडच्या वर जाते, स्थानिकांपेक्षा कितीतरी जास्त. आठवड्याहून जास्त राहणार असाल तर वाइल्ड कार्ड नावाच्या वार्षिक पासाचा हिशेब मांडून बघा. बुकिंग अकरा महिने आधी उघडतं, आणि जून-जुलैत तिथल्या शाळांना सुट्ट्या असल्याने खोल्या पटापट जातात. साताऱ्याला कुंपणालगतची खोली मागा. संध्याकाळी तिथे तरस फेऱ्या मारतात, आणि रात्री कचऱ्याचा डबा नीट लावला नसेल तर बिजू (हनी बॅजर) येऊन तो उलथा करून जातो.