इंद्रहार खिंड : वाटाड्या उत्तम, कार्यालय सुमार

हिमाचलातील मॅक्लोडगंजवरच्या त्रिउंड पठारापर्यंतची वाट हल्ली आपल्या इंदूरच्या सराफा बाजाराइतकी गजबजलेली असते. इंद्रहारचा खरा ट्रेक ते पठार मागे टाकल्यावरच सुरू होतो. धौलाधार रांगेतील ही 4,342 मीटर उंचीची खिंड कांगडा आणि चंबा या दोन जिल्ह्यांना जोडते, आणि गड्डी मेंढपाळ पूर्वापार आपले कळप तिच्यावरून नेत आले आहेत. इंदूरच्या राजेंद्रनगरातील आम्ही काही मराठी मंडळी सप्टेंबरअखेरीस तेथे गेलो, तेव्हा मॅक्लोडगंजमधील एका छोट्या संस्थेकडून वाटाड्या, तंबू आणि जेवण अशी सेवा घेतली होती.

वाटाड्याला पूर्ण गुण द्यावे लागतील. लाहेश गुहेपासून, म्हणजे एका प्रचंड शिळेखालच्या ओणवे होऊनच शिरता येणाऱ्या कपारीपासून, सातशेहून अधिक मीटरची चढण अक्षरशः अंगावर येते. सह्याद्रीतल्या घसाऱ्यावर तयार झालेले पाय येथे फारसे कामाला येत नाहीत, कारण सगळा मामला एकावर एक रचलेल्या कातळांचा आहे आणि प्रत्येक पायरी गुडघ्याला भिडते. शंका आली की आमचा वाटाड्या काठीने दगड ठोकून पाही. उतरताना तो स्वतः एक टप्पा खाली उभा राहून, आम्हाला कातळाकडे तोंड करायला लावून, कोणता पाय कोठे ठेवायचा ते सांगत असे. दृष्टिभय, म्हणजे उंचावरून खाली पाहण्याची भीती, असलेल्या आमच्या एका वहिनी केवळ त्यामुळे खाली उतरू शकल्या. दुपारकडे कांगड्याच्या बाजूने दमट हवा वर चढून ढग दाटतात, म्हणून त्याने पहाटेच्या अंधारात निघायला लावले आणि परत फिरण्याची वेळही आदल्या रात्रीच ठरवून टाकली. चाल संथ पडली असती तर माथा दिसत असतानाही त्याने मागे वळवले असते, याबद्दल मला शंका नाही.

संस्थेच्या कार्यालयाविषयी मात्र असे म्हणता येत नाही. त्यांच्या पत्रकात हा ट्रेक ‘मध्यम’ श्रेणीचा म्हटला आहे, ही शुद्ध दिशाभूल होय. तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात पाचशे मीटरहून अधिक वाढवू नये, असा सर्वमान्य संकेत असताना त्यांचा कार्यक्रम त्रिउंडहून थेट सुमारे 3,600 मीटरवरील लाहेशला नेतो. साडेपाचशे मीटरवरच्या इंदुरातून गेलेल्या माणसाला हे झेपेलच असे नाही. आम्ही हट्टाने मध्ये लाका येथे एक मुक्काम वाढवून घेतला, तर त्याचे पैसे ‘अतिरिक्त’ म्हणून लावण्यात आले. तंबू ठीक होते आणि जेवण साधे पण गरम होते.

मालवा एक्सप्रेसने पठाणकोट कँटला उतरून पुढे रस्त्याने जाणे इंदूरकरांना सोयीचे पडते. नोंदणी करताना लाकाचा मुक्काम आणि ओझेवाल्याची मजुरी मूळ रकमेत धरली आहे का, हे आगाऊ पैसे भरण्यापूर्वी लेखी घ्यावे.