मायांगासाठी सिलिकॉनची रिंग: माप, बसवणं आणि ठाणे-वाशी लोकल

हातात घेतली तर जाड, मऊ बांगडीच वाटते. गर्भाशय, मूत्राशय किंवा आतड्याचा शेवटचा भाग जागेवरून ढळून योनीत ओघळला, म्हणजे मायांग खाली आलं, की त्याला आतून टेकू द्यायला ही रिंग बसवतात. डॉक्टर तिला पेसरी म्हणतात, बायका नुसतं रिंग म्हणतात, आणि कोपऱ्यावरचा मेडिकलवाला बहुतेक वेळा 'कसली रिंग?' असं मोठ्यानं विचारतो.

मापाचा हिशोबही बांगडीसारखाच. सगळ्यात जास्त लागणारे नंबर ३, ४ आणि ५, म्हणजे साधारण ६४, ७० आणि ७६ मिलिमीटर. इंचात अडीच, पावणेतीन आणि तीन. फरक एवढाच, की बांगडी आतून मोजतात आणि रिंग बाहेरून. कासार हात दाबून बघितल्याशिवाय बांगडी चढवत नाही. इथेही दोन बोटं आत घालून लांबी-रुंदीचा अंदाज घेतल्याशिवाय नंबर सांगता येत नाही. तीन बाळंतपणं झालेल्या बाईला ३ नंबर लागू शकतो आणि एकच सिझेरियन झालेलीला ५. वजन, उंची, कमरेचा घेर यावरून काहीही ठरत नाही. म्हणून आमचं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो: माप घेऊन, दवाखान्यात बसवून घेतली तर पाचपैकी चार गुण. ऑनलाइन फोटो बघून पार्सलनं मागवली तर शून्य.

रिंग घ्यायची तर मेडिकल ग्रेड सिलिकॉनची घ्यावी. जुन्या कडक प्लॅस्टिकच्या रिंगा अजून मिळतात आणि स्वस्तही असतात. पण त्या नीट दुमडत नाहीत, त्यामुळे घरच्या घरी काढणं-घालणं अवघड जातं. सिलिकॉनमध्येही दोन प्रकार: मधून मोकळी, आणि मध्ये भोकं असलेला पातळ पडदा असलेली. मूत्राशयाची, म्हणजे पुढची भिंत खाली आली असेल तर पडद्याची बरी, कारण मोकळ्या रिंगच्या मधून तो भाग पुन्हा डोकावू शकतो. मागची भिंत, म्हणजे गुदाशयाकडचा फुगवटा, हा या वस्तूचा कच्चा विषय. तिथे रिंगनं थोडा आराम पडतो, पण शौचाची अडचण बरेचदा तशीच राहते. मायांग पूर्ण बाहेर आलं असेल किंवा खालचे स्नायू फारच सैल असतील तर रिंग टिकत नाही. मग देठ असलेली गेलहॉर्न नावाची पेसरी लावतात. ती चांगली धरते, पण काढायला बहुतेकींना डॉक्टरकडेच जावं लागतं आणि ती आत असताना शरीरसंबंध ठेवता येत नाहीत. रिंग असताना येतात, हा तिचा मोठाच गुण, आणि तो दवाखान्यात कुणी आपणहून सांगत नाही.

बसवून घेण्याची वेळ कुठली, याला महत्त्व आहे. सकाळी उठल्यावर सगळं वर सरकलेलं असतं. सकाळी ९ ला जाऊन नुसतं आडवं झोपून तपासलं, तर दुखणं आहे त्यापेक्षा लहान दिसतं. संध्याकाळी खरं रूप दिसतं, पण रात्री ८ ला रिंग बसवून घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकायचं, आणि घरी पोहोचल्यावर लघवी अडली म्हणून परत फिरायचं, हे कुणी सांगितलंय? दुपारी २-३ ची वेळ घ्यावी. अर्धा दिवस उभं राहून झालेलं असतं, आणि काही बिघडलंच तर दवाखाना उघडा असतो. खोकून आणि उभं करून तपासा, असं स्पष्ट सांगावं.

माप बरोबर बसल्याची खूण सोपी आहे: रिंग आणि योनीची भिंत यांच्यामध्ये एक बोट सहज फिरतं, आणि बाईला ती आत असल्याची जाणीवच होत नाही. टोचतेय, रुततेय, बसताना कळतेय, तर मोठी झाली. चालताना खाली सरकतेय तर लहान झाली. बसवल्यावर लगेच बिल देऊन निघू नये. दहा मिनिटं चालावं, एक जिना चढून उतरावा, उकिडवं बसून उठावं, जोरात खोकावं, ग्लासभर पाणी पिऊन लघवी करून बघावी. लघवी झाल्याशिवाय घरी जायचं नाही. पहिल्याच प्रयत्नात नंबर जमला नाही तर नाराज होण्यासारखं काही नाही, दोन-तीन नंबर बदलून बघणं नेहमीचं आहे. म्हणूनच निरनिराळ्या मापांचे नमुने जवळ ठेवणारा दवाखाना निवडावा. 'चिठ्ठी देते, बाहेरून आणा' असं सांगणाऱ्या ठिकाणी मापाची चूक तुमच्या खिशातून भरली जाते, कारण एकदा वापरलेली रिंग दुकानदार परत घेत नाही. नंतर दुसऱ्या कंपनीची घ्यायची झाली तर नंबरावर विसंबू नये, मिलिमीटर बघावेत.

आता घरी काढणं-घालणं. दवाखान्यात एकदा करून दाखवायला लावा आणि तिथेच स्वतः करून बघा. हात धुवावेत, नखं कापलेली असावीत. एक पाय बाथरूममधल्या स्टुलावर ठेवून किंवा उकिडवं बसून करणं सोपं. पडद्याची रिंग वाटेल तिथे दुमडत नाही. तिच्या कडेला समोरासमोर दोन खाचा असतात, तिथेच ती करंजीसारखी मिटते. मिटलेल्या टोकाला पाण्यात विरघळणारी जेली वाटाण्याएवढी लावायची. सिलिकॉनच्या वस्तूला सिलिकॉनचीच जेली लावू नये, रिंग खराब होते. मग रिंग वर नव्हे, तिरकी मागे, माकडहाडाच्या दिशेनं सरकवायची. आत गेल्यावर ती आपोआप उघडते. मागची कड गर्भाशयाच्या तोंडामागे आणि पुढची कड समोरच्या हाडाच्या आतल्या बाजूला टेकली पाहिजे. शेवटी बोटानं पाव फेरा फिरवायची. ही शेवटची पायरी बऱ्याच जणी विसरतात, खाच योनीच्या तोंडाशी येते, रिंग तिथून दुमडते आणि दुसऱ्या दिवशी संडासात निसटते. काढताना कडेत किंवा पडद्याच्या भोकात बोट अडकवून, किंचित कुंथून, खाली आणि बाहेर ओढायची. बोट पोहोचत नसेल तर दात साफ करायचा दोरा रिंगला फासासारखा बांधून ठेवतात. दिसायला गावठी युक्ती, पण चालते.

धुवायला कोमट पाणी आणि साधा साबण पुरतो. डेटॉल नको, तुरटी नको. तुरटीच्या पाण्यानं अंग आकसतं, असं अजूनही सांगितलं जातं. प्रत्यक्षात कातडी कोरडी पडते, आणि कोरड्या कातडीवर रिंग घासली की जखम होते. आठवड्यातून एक रात्र रिंग बाहेर ठेवून सकाळी परत घालणं बहुतेकींना जमतं. तुम्हाला किती दिवसांनी काढायची ते डॉक्टर ठरवतील. स्वतः काढणं जमत नसेल तर दर तीन महिन्यांनी दवाखान्यात काढून, आत जखम बघून, धुऊन पुन्हा बसवून घ्यावी.

या वस्तूचे दोष लपवण्यात अर्थ नाही. पहिला म्हणजे पांढरं जाणं वाढतं. पातळ, वास नसलेलं असेल तर तक्रार करण्यासारखं नाही. पिवळं-हिरवं, घाण वासाचं असेल तर दाखवावं. पाळी गेलेल्या बायकांमध्ये कातडी पातळ झालेली असते, त्यामुळे रिंगच्या कडेनं चट्टा पडून लाल डाग दिसतो. यावर योनीत लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम देतात, बहुधा आधी दोन आठवडे रोज आणि मग आठवड्यातून दोनदा. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर ते घेण्याआधी सांगायलाच हवं. आणि पाळी गेल्यानंतरचं रक्त 'रिंगमुळेच असेल' म्हणून कधीही सोडून देऊ नये, तपासून घ्यावं.

दुसरा दोष चकवणारा आहे. रिंग बसवल्यावर काहींना खोकताना, शिंकताना लघवी गळायला लागते. त्यांना वाटतं रिंग वाईट. खरं म्हणजे खाली आलेल्या मूत्राशयामुळे नळी पाइपासारखी मुडपलेली होती, ती सरळ झाली आणि आधीपासून असलेली गळती उघडी पडली. असं झालं तर डॉक्टरांना सांगावं; त्यासाठी गाठ असलेली वेगळी रिंग मिळते.

तिसरा दोष बाईचा नाही, रिंगचाही नाही, विसरण्याचा आहे. रिंगचा त्रास होत नाही, हेच तिचं संकट. वर्षानुवर्षं आत राहिलेली रिंग कातडीत रुतते, आणि क्वचित मूत्राशयापर्यंत किंवा गुदाशयापर्यंत भोक पाडते. सासूबाईंना रिंग बसवली असेल तर ते सुनेला, मुलीला माहीत असावं आणि तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलेली असावी. परत तपासायला जाणं शक्यच नसेल तर रिंग बसवूच नये.

रोजच्या दिवसात ती किती टिकते? ठाणे-वाशी लोकल ही चांगली परीक्षा आहे. दिघा, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा, वाशी: अर्धा तास, बहुधा उभ्यानं, आणि डब्यात संडास नाही. रिंग नसताना उभं राहून ओटीपोटात जे जड जड ओढल्यासारखं होतं, ते नीट बसलेल्या रिंगनं बरंच कमी होतं. दगा देते ती चढता-उतरताना, फलाटापासून पायरी उंच असते तिथे झटका बसतो तेव्हा. चढण्याआधी, शिंकण्याआधी, पिशवी उचलण्याआधी खालचे स्नायू वर आवळून धरायचे आणि मग हलायचं. ही सवय महिनाभरात अंगवळणी पडते. संडास मिळणार नाही म्हणून सकाळपासून पाणीच न पिणं मात्र उलटं पडतं: लघवी घट्ट होऊन जळजळते, शौचाला खडा होतो, आणि कुंथण्यानं रिंगच काय, मायांगही खाली ढकललं जातं. त्यापेक्षा निघायच्या आधी दोनदा लघवी करावी. एकदा झाली की उभं राहावं, कंबर हलवावी, पुन्हा बसून पुढे वाकावं. तळाशी उरलेली निघते.

कुंथणं हा रिंगचा खरा शत्रू. रात्री ग्लासभर पाण्यात एक-दोन चमचे इसबगोल. कमोड असेल तर पायाखाली सात-आठ इंचांचं स्टूल, गुडघे कमरेच्या वर. मागच्या भिंतीचा फुगवटा असेल तर मल पुढच्या खिशात अडकतो. तेव्हा योनी आणि गुदद्वार यांच्यामधल्या भागावर बोटांनी हलका दाब दिला की वाट सरळ होते. पहिले पंधरा दिवस शौचाच्या वेळी रिंगच्या कडेवर एक बोट ठेवावं, आणि फ्लश करण्याआधी भांड्यात बघावं. वाचायला विचित्र वाटेल, पण महागाची रिंग मलवाहिनीत गेल्यावर ते विचित्र वाटत नाही.

घरातली ओझी तर सोडवत नाहीत. २० लिटरचा पाण्याचा जार म्हणजे २० किलो, भरलेला सिलिंडर टाकीसकट ३० किलोच्या आसपास. तो वॉचमननं किंवा घरातल्या धडधाकट माणसानं हलवावा. पाणी ठरल्या वेळेला येणाऱ्या सोसायटीत बादल्या भरायच्याच असतील तर अर्ध्या भराव्यात आणि दोन फेऱ्या माराव्यात.

रिंगशेजारी विकल्या जाणाऱ्या बाकीच्या मालाबद्दल थोडक्यात. जांघेतून पट्टे जाणारा सपोर्ट पट्टा खालून वर दाब देतो. लग्नकार्यात चार-पाच तास उभं राहायचं असेल तर उपयोगी, रोजचा इलाज नव्हे. बाळंतपणानंतर पोटाला करकचून बांधतात तो पट्टा घेऊ नये, तो पोटातला दाब खालीच ढकलतो. घट्ट करणारी जेल आणि गोळ्या म्हणजे पैसे वाया. स्नायूंचा व्यायाम मोजणाऱ्या मशीनची गरज नाही. फिजिओथेरपिस्टकडून एकदा नीट शिकून, वारा रोखताना आवळतात तसं वर खेचून सहा-आठ सेकंद धरायचं, सोडायचं, असं आठ वेळा, दिवसातून तीनदा, किमान १६ आठवडे. हा व्यायाम रिंग आत असतानाही चालतो.

रिंगचं आयुष्य किती, हा प्रश्न नेहमी येतो. पिवळट पडली म्हणून बदलायची नाही, सिलिकॉनचा रंग असा होतोच. दर वेळी धुताना उजेडात धरून कडेवरून अंगठा फिरवा. चीर, खडबडीत जागा, चिकटपणा किंवा धुऊनही न जाणारा वास आला, तर त्याच मापाची नवी घ्या.