एमटी ३६०८ बूस्ट मॉड्यूल : २ अँपियर, पण कुठल्या बाजूचे?

शंभर रुपयांच्या आत मिळणारं, अंगठ्याएवढं, व्होल्टेज वाढवून देणारं (बूस्ट) हे मॉड्यूल इनपुटला २ ते २४ व्होल्ट घेतं आणि आउटपुटला कमाल २८ व्होल्ट देतं. लोडशेडिंगमध्ये १२ व्होल्टचा राउटर पॉवरबँकवर चालवायचा असेल तर बिनधास्त घ्यावं. फक्त जाहिरातीतले '२ अँपियर' आउटपुटचे समजू नयेत. ती मर्यादा इनपुटच्या बाजूला लागते.

गणित करून बघा. राउटर १२ व्होल्टवर अर्धा अँपियर घेतो, म्हणजे ६ वॅट. कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर इनपुटला ७ वॅट लागतात. पॉवरबँकच्या ५ व्होल्टवर ते १.४ अँपियर होतात, चालतं. तोच लोड (म्हणजे राउटर) एका १८६५० सेलवर, म्हणजे दंडगोल लिथियम सेलवर टाकला तर ३.७ व्होल्टला १.९ अँपियर, आणि सेल ३.२ वर उतरला की २.२. मग कॉइल आणि डायोड चटका बसेल इतके तापतात. एका सेलवरून १२ व्होल्ट काढायचे असतील तर ०.३ अँपियरवर थांबावं. यूएसबी केबल बारीक असली तर तिच्यातच व्होल्टेज पडतं, राउटर सुरू होताना सारखा रिसेट होतो. केबल आखूड आणि जाड घ्या, इनपुटला ४७० मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर लावा.

लोड जोडण्याआधी मल्टीमीटर लावून व्होल्टेज सेट करायचं. प्रीसेट (व्होल्टेज ठरवणारा, स्क्रूने फिरवायचा छोटा रेझिस्टर) बहुधा घड्याळाच्या उलट दिशेनं फिरवावा लागतो आणि सुरुवातीचे कित्येक फेरे काहीच बदलत नाही. मॉड्यूल खराब नसतं. बूस्ट सर्किट व्होल्टेज इनपुटच्या खाली आणूच शकत नाही, म्हणून सेटिंग इनपुटच्या वर जाईपर्यंत आकडा हलत नाही.

खरा कच्चा दुवा हा प्रीसेटच. त्याचा संपर्क सुटला तर फीडबॅक (आउटपुट किती आहे हे चिपला कळवणारं व्होल्टेज) शून्यावर जातो, आउटपुट एकदम चढतं आणि राउटर जळतो. कायमच्या जोडणीत तो काढून ३९ किलोओहम आणि २.७ किलोओहम सिरीजमध्ये सोल्डर करा. चिप फीडबॅक ज्याच्याशी ताडून बघते तो संदर्भ ०.६ व्होल्टचा आणि बोर्डावरचा खालचा रेझिस्टर २.२ किलोओहमचा (वर '२२२' छापलेलं असतं, तपासून घ्या), म्हणून आउटपुट ०.६ × (१ + ४१.७/२.२), म्हणजे ११.९७ व्होल्ट येतं.

आउटपुट शॉर्ट झालं तर चिप काही करू शकत नाही, करंट कॉइल-डायोडमधून सरळ वाहतो. इनपुटला ३ अँपियरचा फ्यूज हवाच. सुटा सेल वापरणार असाल तर सेल फार उतरला की पुरवठा तोडणारा प्रोटेक्शन बोर्डही लावा. हे मॉड्यूल २ व्होल्टपर्यंत ओढत राहतं, तोवर लिथियम सेल कायमचा बाद झालेला असतो.

१२ वरून २४ व्होल्ट, १ अँपियर हवे असतील तर एक्सएल ६००९ हे दुसरं बूस्ट मॉड्यूल बघा, हीटसिंकसकट. त्याला इनपुट किमान ५ व्होल्ट लागतं. बाजारात त्याच्या नावाखाली ४०० ऐवजी ५२ किलोहर्ट्झ फ्रिक्वेन्सीवर स्विच करणाऱ्या जुन्या चिपा खपवल्या जातात. बोर्डावरची छोटी कॉइल इतक्या कमी फ्रिक्वेन्सीला पुरत नाही, त्यामुळे अर्ध्या लोडलाच ती तापू लागली तर परत करा.